निर्गुडीचा अर्क आणि दोनदा विसळलेल्या बाटल्या

साठे मॅडमचं नाव आधी घेते. त्या नसत्या तर मी आज अंधेरीच्या या लॅबमध्ये नसते. माझं शिक्षण आठवी, गाव कुडाळकडचं, काम बाटल्या धुण्याचं.

त्या दिवशी सगळे एका प्लेटभोवती जमले होते. झाडपाल्याचा अर्क व्हायरसवर चालतो का, ते आमच्याकडे औषध कंपनीसाठी तपासतात. प्लेटमध्ये जिवंत पेशींचा पातळ थर असतो. व्हायरस त्याला भोकं पाडतो. वरून रंग टाकला की ती दिसतात. निर्गुडीच्या प्लेटमध्ये एकही भोक नव्हतं.

"झकास," लॅबचे मोठे सर म्हणाले. "कंपनीला कळवून टाकतो."

"चार दिवस थांबा, सर," मॅडम म्हणाल्या. "पाला इतका साफ रिझल्ट देत नाही." मग एकेकाला विचारत सुटल्या, या वेळी काय वेगळं केलं?

अर्क ज्यांत भरतात त्या बाटल्या साबणाने धुतल्यावर दहा वेळा विसळायच्या असतात. त्या दिवशी नळाला पाणी बारीक होतं. आमच्या घरी पाणी विहिरीवरून डोक्यावर आणायचं, त्यामुळे ते उधळायला हात धजत नाही. मी दोनदाच विसळल्या होत्या. आता नोकरी गेली तर मुलाचीही शाळा सुटणार, माझ्यासारखी.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमना सांगून टाकलं. त्यांनी डबा बाजूला सारला.

"दोनदाच? वेडी आहेस का गं?"

"फेस दिसत नव्हता, मॅडम."

"तुला नाही दिसला. व्हायरसला दिसला ना."

त्यांनी तसल्याच एका बाटलीत नुसतं पाणी फिरवलं आणि त्याची टेस्ट लावली, पानं न घालताच. चौथ्या दिवशी रंग टाकला. भोक नाही. पेशी शाबूत होत्या, पण व्हायरस तेवढ्याशा साबणाने मेला होता.

"बाटल्या कोणी धुतल्या?" सरांचा आवाज चढला.

"संगीताने. नळाला पाणी बारीक होतं, म्हणून दोनदाच विसळल्या. आणि सांगितलंही तिनेच," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर आपण कंपनीला औषध म्हणून साबण दिला असता."

सर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पाण्याचं मी बघतो. सगळ्या परत धू."

टेस्ट नव्याने झाली. भोकं पडली, अर्क नसलेल्या प्लेटपेक्षा जराशी कमी. रिपोर्टात तेवढंच गेलं. मी शिकले ते असं, की फेस गेला म्हणजे साबण गेला असं नसतं.

मॅडमना एकदा गावी नेणार आहे. आईला सांगून ठेवलंय, त्या आल्या की पाटावर त्यांना बसवायचं, आणि वाढायचं मी.