अर्धा कोयता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ज्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली इतकी वर्षं काढली त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. माझा स्वभाव आधीच सांगून टाकते: मी संशयी आहे. दूधवाल्यावर, सुनेवर, ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवणाऱ्यावर — सगळ्यांवर. नर्सच्या नोकरीत हा गुण मानतात. बाई म्हणते ‘पडले’, आपण विचारायचं, कशी?

संगमनेरच्या बाजूला ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांच्या तळावर आम्ही बायकांची रक्ततपासणी करायचो, एचआयव्हीची, गरमीची म्हणजे सिफिलिसची. त्याही आमच्याकडे संशयानंच बघायच्या, आणि का बघू नये? दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या कितीतरी जणींच्या गर्भपिशव्या काढून झाल्या होत्या. “रगत कशापायी? परत पिशवी काढा म्हनाल,” असं तोंडावर विचारायच्या. मी शब्द द्यायची — तुझा रिपोर्ट तुझ्या-माझ्यात राहील.

पाथर्डीकडची मंदा त्या शब्दावर बोट पुढं करून बसली. दिवस गेलेले, पोट दिसायला लागलेलं. चाचणीत गरमी निघाली. तिला बाजूला घेतलं, समजावलं: सुई घेतलीस तर बरी होशील, नाही घेतलीस तर बाळाला धोका आहे. “मंग आत्ताच द्या की ताई,” म्हणाली. सुई दवाखान्यात होती. उद्या ये म्हटलं, जोडीदारालाही सुई घ्यावी लागेल, तो कुठाय?

“मालक घरी हायेत, पाय मोडलाय. औंदा कोयता भावजींसंगं हाय.”

ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःशी हेच घोळवत राहिले — त्या शब्दानं घात केला, जोडी म्हटल्यावर मला ती दोघं नवराबायकोसारखीच वाटली, चूक झाली... खोटं. साफ खोटं. नवरा अंथरुणाला खिळला की मुकादम दीर-भावजयीचा कोयता धरतो, हे मला पक्कं माहीत होतं. त्यात वावगं काही नसतं, हेही. तरी माझ्या मनात पाल चुकचुकली. मला तिला आणखी एक प्रश्न विचारता आला असता. पण उत्तर मला आधीच ठाऊक होतं ना!

मी फडात गेले. ऊस तोडणाऱ्या त्या दिराला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगून मोकळी झाले. भावजयीला काय झालंय, ते कशानं होतं, सुई तुलाही घ्यावी लागेल. का सांगितलं? — मला त्याचा चेहरा बघायचा होता. तो पांढराफटक पडला. मला वाटलं, सापडला.

“सिस्टर, आईवानी हाय ती मला,” एवढंच तो म्हणाला आणि तळाकडे पळत सुटला.

माझा संशय आता त्याच्या तोंडी होता. अख्ख्या टोळीसमोर तो मंदाला विचारत होता, कुणाचं पाप घेऊन आलीस? “तुमच्या भावालाच इचारा,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. कुणी ऐकलं नाही. त्याच्यामागं मीही तळावर आले होते, तिथंच उभी होते. बरोबर बोलतेय ती, नवऱ्याकडूनही होतं, एवढं एक वाक्य — माझ्या तोंडून निघालं नाही. तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. तिला कळलं होतं, बास.

दुसऱ्या दिवशी तळावरची तिची कोपी, पाचटाची झोपडी, रिकामी होती. मुकादमानं तिला गावाकडे लावून दिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ती गरमीची बाई आली नाही? मी म्हटलं, ऊसतोडीवाली, निघून गेली, पत्ता नाही. असल्या बाईबद्दल हे उत्तर सगळ्यांना पटतं. त्यांनाही पटलं. गावाचं नाव मला तिनं स्वतः सांगितलं होतं. तिथल्या नर्सला एक फोन केला असता तर सुई तिच्या दारात पोचली असती. पण मग विचारलं गेलं असतं, ऐन हंगामात ही गेली कशी? कुणी काय बोललं? मी फोन केला नाही. ती वाचावी यापेक्षा मी सापडू नये, हे मला जास्त वाटलं.

पुढच्या हंगामात तीच टोळी पुन्हा उतरली. माझी तळावरची पाळी मी दुसरीच्या गळ्यात मारली, कंबर दुखते म्हणून. मंदा आली होती का, तिच्या कडेवर मूल होतं का — मी कुणाला विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.