नादारीच्या अर्जातला वाक्प्रचार

मॅट्रिकला मराठीत मी शिरूरच्या आमच्या शाळेत पहिली आले आणि त्यानंतर काही आठवडे माझ्याशी बोलणं ही घरच्यांना शिक्षाच होती. घरचे म्हणजे एकटी आत्या. दूध उतू गेलं की मी तिला सांगायचे, “आत्या, दुग्धाने मर्यादा ओलांडली!” ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. दिवसभर बाळंतपणं उरकून आलेल्या बाईला हे ऐकवताना मला काडीची लाज वाटत नसे. जेवणाआधीच्या प्रार्थनेत ती माझ्यादेखत म्हणायची, “प्रभू, मार्क दिलेस, उपकार झाले. आता थोडी अक्कल पण दे.”

बाबा पूर्वी दौंडच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते. तिथून त्यांना आफ्रिकेत मोंबासाच्या रेल्वेत नोकरी लागली, मागून आई आणि दोघे धाकटे भाऊही गेले. माझी शाळा मोडू नये म्हणून मी आत्याकडे राहिले. आता मला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं. “होस्टेलचं मी बघते,” आत्या म्हणाली, “पण फी माझ्याच्यानं व्हायची नाही. आणि तुझ्या बापाला मी मागणार नाही, त्याच्यामागे तिकडे तीन तोंडं आहेत.” म्हणजे नादारी मिळाली तर कॉलेज, नाहीतर दवाखान्यात पट्ट्या गुंडाळायच्या. फीमाफीला तेव्हा नादारी म्हणत.

अर्जात ‘पालकांची सद्यःस्थिती’ असा एक रकाना होता. तिथे मी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘वडील सहकुटुंब देशोधडीला लागले आहेत.’ पुन्हा पुन्हा वाचून खूश झाले आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत गेले.

तिथल्या अव्वल कारकुनांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी अर्ज वाचला आणि हळहळले.

“आरारा! कवापासनं गं?”

“तीन वर्षं झाली, भाऊसाहेब.”

“आन् खात्यात काय बिचारी?”

“मासे. उकडलेली केळीसुद्धा.”

“मागून?”

“नाही हो, बाजारातून. बाबा रेल्वेत असतात ना.”

“रेल्वेत मागत्यात?”

“मागत नाहीत, फिटर आहेत! क्वार्टर आहे त्यांना.”

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. “पोरी, देशोधडीला लागनं म्हंजी काय?”

“दूरदेशी प्रस्थान करणं,” मी छाती पुढे काढून सांगितलं.

सगळी कचेरी हसली. शिपाई तर बाहेरून मला बघायला आत आला. मराठीत पहिली आलेली मी तिथेच भोकाड पसरून रडले.

रडणं थांबल्यावर भाऊसाहेबांनी खरी अडचण सांगितली. बाबांची कमाई त्यांच्या कुठल्याच दप्तरात नव्हती. जमीन असती तर तलाठ्याने लिहून दिलं असतं. “मोंबासाला तलाठी असतोय व्हय?” ते म्हणाले. मोंबासाला हवाई पत्र जाऊन उत्तर यायला तीन आठवडे लागत आणि अर्जाची मुदत शनिवारपर्यंत होती. “तिकडनं आलेलं, बापाला वळखणारं कुणी हाय का? त्यांच्याकडनं लिहून आण. मी सायबांच्या म्होरं ठेवतो.”

मोंबासाला बाबांबरोबर काम केलेले एक काका नुकतेच दौंडला आले होते. दुसऱ्या दिवशी एसटीने मी त्यांच्याकडे गेले. काकूंनी भाकरी वाढली. मी विचारलं, “काका, रजा कधी संपते तुमची?”

काका काकूंकडे बघत म्हणाले, “रजा नाही, बाळ. मी कायमचाच आलो. तिकडे आता इंग्रज जाऊन तिथल्या लोकांचं राज्य येतंय, त्यांचीच माणसं नोकरीला घेतात. बरोबरच आहे ते. पण आपल्याकडच्यांना नोटिसा मिळाल्यात.”

“बाबांना?”

“तुझ्या बापाने सांगू नको म्हटलंय.” मग त्यांनी सांगितलंच. क्वार्टर चार महिन्यांपूर्वी गेलं होतं. चौघं एका खोलीत राहत होती आणि बाबा रोजंदारीवर होते. मला आलेल्या प्रत्येक पत्रात मात्र ‘आम्ही सर्व खुशाल’ होतं. आणि मी त्या पत्रांतल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवत असे! आजही ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते.

काकांनी सगळं कागदावर लिहिलं, शेजारच्या दोघा ड्रायव्हरांच्या सह्या घेतल्या आणि मला एसटीत बसवून दिलं. तिकीट त्यांनीच काढलं.

भाऊसाहेबांनी तो कागद वाचला. या वेळी कचेरीत कोणी हसलं नाही. मी बारीक आवाजात म्हटलं, “म्हणजे मी लिहिलं होतं ते बरोबरच निघालं.”

“न्हाई,” ते एकदम कडक आवाजात म्हणाले. “कष्ट करून खानारा मानूस देशोधडीला लागलेला नसतोय. आपल्या हातानं बापाला असं लिहायचं न्हाई.” त्यांनी कोरा अर्ज पुढे सरकवला आणि रकान्यात काय लिहायचं ते सांगितलं : ‘वडील परदेशी रोजंदारीवर आहेत.’ मराठीतलं इतकं साधं वाक्य मी कित्येक दिवसांत लिहिलं नव्हतं.

मामलेदारसाहेब निमोण्याच्या फिरतीवर होते. भाऊसाहेबांनी शिपायाला कागद देऊन सायकलवर तिकडे धाडलं. मला हसणारा तोच शिपाई घामाने निथळत सही-शिक्का घेऊन आला आणि म्हणाला, “जा ताई, शिक आता.” त्याचे मी धड आभारही मानले नाहीत. अर्ज द्यायला शनिवारची पुण्याची एसटी गाठायची होती.

महिन्याभराने नादारीच्या यादीत माझं नाव लागलं. मी मोंबासाला पत्र टाकलं. काकांकडून काय कळलं ते लिहिलं नाही, फक्त एवढंच : ‘बाबा, माझी फी माफ झाली. तुम्ही काळजी करू नका.’

उत्तर आईचं आलं. दोनच ओळी होत्या. पत्र वाचून बाबा जेवायला बसले, आणि कित्येक दिवसांनी त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.