दारामागच्या चपला

आत्या गेल्याची बातमी मला कुणा माणसाने दिली नाही. कल्याणच्या कोर्टातून निघत होते, तेवढ्यात फोन वाजला आणि टेमघरच्या तिच्या सोसायटीच्या गेट-ॲपने विचारलं, ‘ॲम्ब्युलन्स आली आहे. प्रवेश द्यायचा?’ तिच्या फ्लॅटला दुसरा नंबर माझा होता. मी ‘हो’ दाबलं... पोचले तेव्हा शेजारच्या नफिसाभाभी दारात नुसत्या रडत होत्या. आत्या दुपारी स्वयंपाकघरात पडली ती संध्याकाळपर्यंत तशीच पडून होती. ज्या घरात एके काळी एकही दुपार सुनी जात नसे, त्या घरात. म्हणून हे शांतपणे लिहिणं मला जमणार नाही.

आत्या सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स, अख्ख्या टेमघरची ‘सिस्टर’. घरात बोलता येत नाहीत अशी दुखणी घेऊन बायका तिच्याकडे यायच्या. कुणी पॉवरलूमवाल्यांच्या घरातली, कुणी मानकोलीच्या गोदामात ड्युटी करणारी. बाई आत आली की आत्या आधी तिच्या चपला उचलून दारामागच्या गोणपाटावर ठेवायची. आपल्याकडे दाराबाहेरच्या चपलांवरून सगळा जिना ओळखतो, आत कोण बसलंय ते. मी एकदा चिडवलं, “आत्या, चपला कसल्या चोरतेस?” ती म्हणाली, “ती इथे आलीय हे सांगायचं तर तिने सांगावं. चपलांनी का?”

मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते ॲप आणलं. येणाऱ्याचा फोटो, नंबर, कोणाकडे आला, किती वेळ थांबला, सगळं त्यात. मीटिंगमध्ये आत्याने विचारलं, “अटी वाचल्यात का? हे कोण कोण बघणार?”

“सिस्टर, एवढं कोण वाचतं? मी सगळ्यांच्या वतीने ‘मान्य’ करून टाकलं. सगळ्यांच्या सुरक्षेसाठी आहे.”

वळ गावातून आत्याकडे येणाऱ्या संगीताचा नवरा एक दिवस गेटवर आला, तर सेक्रेटरींनी स्वतःचा फोन उघडून त्याला तिचे सगळे फोटो तारखांसकट दाखवले. नंतर संगीता आली ती सुजलेल्या तोंडाने, आणि गेटबाहेरच थांबली. “सिस्टर, आता मी न्हाय येनार. हितं सगलं दिसतंय.” हळूहळू बाकीच्याही थांबल्या. आत्याने लेखी तक्रार केली. उत्तर आलं, गेटवर फोटो दिला म्हणजे संमती दिली. संमती! फोटो दिल्याशिवाय वॉचमन आत सोडत नव्हता. आत्या पडली त्या दुपारची नोंद मी मुद्दाम उघडून बघितली. भेटीला कोणी आलं नव्हतं.

आता त्या घरात मी राहते. मागच्या आठवड्यात सेक्रेटरी दुपारी एकटेच आले. आत्याबद्दल दोन चांगले शब्द बोलले, मग चुळबुळत म्हणाले, “घरातलं जरा... तुम्ही वकील आहात म्हणून. बाहेर बोलता येत नाही.” काय बोलले ते मी लिहिणार नाही, तेवढा आत्याचा संस्कार आहे. पण बोलताना त्यांचं सगळं लक्ष दाराकडे होतं. जिन्यात कुणाची तरी पावलं थबकली तसे ते कुजबुजले, “माझ्या सँडल आत घेऊ का? लोक बघतात.”

“राहू देत,” मी म्हटलं, “सगळ्यांच्या सुरक्षेसाठी.”

ते पांढरे पडले. मला बरं वाटलं, खरंच सांगते, फार बरं वाटलं. ते उठेपर्यंत सँडल तशाच बाहेर होत्या आणि जाणारे-येणारे बघत होते. आत्याने त्या उचलून आत घेतल्या असत्या, हे मला ठाऊक आहे. मी घेतल्या नाहीत. दारामागचं गोणपाट रिकामं होतं, आणि ते त्यांनीच रिकामं केलं होतं.