थर्झाबाईंचं क्वेंटली धुणं

थर्झा हेमिंग्जला एका शब्दाचा भयंकर राग होता, 'क्वेंटली'. डिक्शनरीत त्याचा अर्थ 'जुन्या वळणाच्या गोडव्याने' असा काहीतरी दिलाय. पण या इंग्लिश खेड्यात सत्तावीस वर्षं काढल्यावर मी सांगते, तो शब्द कोणीही स्वतःबद्दल वापरत नाही. पाहुण्यांना आमची दारं क्वेंटली बुटकी वाटतात. टेंगळं आम्हाला येतात.

थर्झा माझी शेजारीण, वय एक्क्याऐंशी. गावाच्या मधोमध हिरवळ आहे, तिच्यावर चार खांब आहेत आणि कडेच्या घरांना तिथे सोमवारी धुणं वाळत घालायचा जुना हक्क आहे. बाकीच्यांनी कपडे वाळवायची यंत्रं घेतली. थर्झा एकटी उरली. तिच्या घराला परसदार नाही आणि घरात वाळवलेल्या चादरींना कुबट वास येतो, एवढंच साधं कारण.

गेल्या वर्षी सुंदर गाव स्पर्धेच्या अहवालात छापून आलं, 'इथे अजूनही क्वेंटली धुणं वाळत असतं.' त्याचे दोन गुण जास्त मिळाले. झालं! यंदा परीक्षणाच्या दोन दिवस आधी ग्रामसभेचा सेक्रेटरी नायजेल प्रूएट थर्झाच्या दारात गाठोडं घेऊन हजर. मी तिच्याकडे चहा पीत बसले होते. गाठोड्यात नाटकमंडळाचे लेस लावलेले झगे.

"थर्झाकाकू, सोमवारी एवढे हे घाला दोरीवर. तुमची ती ट्रॅकपँट आणि नातवाचे फुटबॉलचे मोजे तेवढे नकोत."

"मळलेत का हे?"

"छे, एकदम स्वच्छ!"

"मग वाळत कशाला घालू? वेड लागलंय मला?"

"अहो, क्वेंटली दिसेल ना!"

"नायजेल, तुझी दुपटी याच दोरीवर वाळायची. तेव्हा कोणी फोटो काढायला आलं नव्हतं."

नायजेल कानापर्यंत लाल झाला. पण जाता जाता म्हणाला, "गुण गेले तर खांब काढायचा ठराव येणार, काकू. मग मला काही करता येणार नाही."

तो गेल्यावर थर्झाने दार लावलं. "खांब गेले तर मी चादरी कुठे वाळवू गं?" एवढंच म्हणाली. तिला घाबरलेली मी पहिल्यांदाच बघत होते. मला फार वाईट वाटलं, म्हणून म्हटलं, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे, घाल ते झगे." तर बाईसाहेबांनी माझा कप अर्ध्यावरच उचलून नेला.

सोमवारी खिडकीतून पाहते तर दोरीवर तीच ट्रॅकपँट आणि तेच मोजे! मी डोक्याला हात लावला आणि धावत बाहेर गेले. तोवर परीक्षक बाई नायजेलबरोबर कॅमेरा घेऊन पोचल्याही होत्या.

"अय्या, किती गोड!" बाई म्हणाल्या.

"गोड नंतर. आधी हे टोक धरा, जमिनीला लागेल," म्हणत थर्झाने ओल्या डबल चादरीचं टोक त्यांच्या हातात कोंबलं.

वारा सुटला होता. चादर बाईंच्या तोंडावर फडफडली, हॅट उडाली आणि तिच्यामागे आमचे सेक्रेटरी धावले. चार चादरी होईपर्यंत बाई कोपरापर्यंत भिजल्या.

"दर सोमवारी हे सगळं एकट्या करता?"

"नाहीतर काय, चादरी आपणहून चढतात?"

महिन्याने अहवाल आला. सभेत नायजेलने तो पडलेल्या चेहऱ्याने वाचला, 'हिरवळीवर सोमवारी कपडे वाळतात. काम जड आहे. खांब गंजलेत, दोरी सैल आहे. दुरुस्ती न केल्याबद्दल ग्रामसभेचा एक गुण कापला आहे.'

खांब काढायचं नाव मग कोणी काढेना. रंगवायचा ठराव मात्र लगेच पास झाला.

थर्झाने मला कोपराने ढोसलं. "तो शब्द आहे का गं कुठे?"

"नाही. एकदाही नाही."

तिने सगळ्यांदेखत डोळे पुसले. मग उभी राहून म्हणाली, "नायजेल, रंग सोमवारी लावू नकोस हं. माझं धुणं असतं."