शिंप्याचे जरीकाठी मास्क

अत्यंत गंभीर बाब जाहीर करतो: कोरोनाच्या साथीत गंगाखेडच्या एका शिंप्याचं बिंग फुटलं, आणि तेही भर बसस्टँडवर.

स्टँडसमोरच त्याचं मशीन. ब्लाउज न्यायला आलेल्या प्रत्येक बाईला तो ओठांत टाचण्या धरून नाकातून सांगायचा, "कापड लय कमी दिलं ताई, चिंधीसुद्धा उरली न्हाई." चेहरा असा पडायचा की बायाच ओशाळायच्या.

साथीत मात्र तो येणाऱ्याजाणाऱ्याला घरी शिवलेले मास्क फुकट वाटू लागला. त्यांतले काही जरीकाठी होते. मला शंका आली, पण माझ्या तोंडावरही त्याचाच मास्क होता.

एका सकाळी आमच्या शेजारच्या काकू नवा नातू बघायला परभणीला निघाल्या आणि मास्क घरीच विसरल्या. कंडक्टर चढू देईना. शिंपी धावत आला, एक मास्क पुढे केला. काकूंनी तो उलटून पाहिला. लेकीच्या लग्नात शिवायला दिलेल्या त्यांच्या मोरपंखी ब्लाउजचंच कापड होतं ते. शिंपी जमिनीकडे बघू लागला. बस सुरू झाली होती. काकूंनी मास्क बांधला, पायरी चढल्या आणि वळून म्हणाल्या,

"अजून उरलं असंल तर नातवाला झबलं बी शिवून ठेव बाबा."