लहान पोरांना कुठं संधिवात असतो?

मी चौथीत असताना माझे गुडघे सुजायला लागले. सकाळी अंथरुणातून उठावं तर पाय लाकडाचे झालेले असायचे. दुपारपर्यंत ते हळूहळू सुटायचे, आणि तेवढ्यावरच शिराळ्याजवळच्या आमच्या गावातल्या तमाम शहाण्यांनी निकाल देऊन टाकला : पोरगी सोंग करते.

चुलती त्यात पुढं. "शाळंच्या वक्ताला पाय दुखत्यात आन् संध्याकाळी सागरगोटं खेळती. लय अवघड दुखणं हाय बाई!" असं ती पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकवायची.

खेळाचे मास्तर तिच्याहून थोर. मला मैदानाला फेऱ्या मारायला लावून स्वतः लिंबाखाली खुर्चीत बसायचे. उठून उभं राहण्याचेही कष्ट नकोत, पण माझा आळस घालवायची जबाबदारी त्यांची!

मग चुलत्यानं हाडं बसवणारा आणला. गुडघ्याला हात लावायच्या आधीच त्याला कळलं, सांधा निखळलाय. चुलत्यानं माझे खांदे धरले, यानं गुडघ्याला तेल चोळून पाय ओढला. मी किंचाळले तसा तो म्हणाला, "बसला बघा." त्यानंतर कित्येक दिवस मला उभंच राहता येईना. आईनं "संधिवात तर न्हाई?" असं विचारलं, तर दवाखान्यातले डॉक्टर हसलेच. "लहान पोरांना कुठं संधिवात असतो? वाढीचं दुखणं आहे," म्हणाले आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.

वडील फौजेत होते. दिवाळीत सुट्टीवर आले तेव्हा आई मला उचलून मोरीत नेताना त्यांनी पाहिलं. दुसऱ्याच दिवशी ते आम्हाला एसटीनं मिरजेला घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी माझे गुडघे, मनगटं, बोटं सावकाश वाकवून बघितली. "सकाळी जखडलेलं सुटायला किती वेळ लागतो?" हे त्यांनी मला विचारलं. तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"मुलांनाही संधिवात होतो," त्या म्हणाल्या. "शरीराची रोगाशी लढणारी ताकदच चुकून सांध्यांवर उठते."

"बरी हुईल न्हवं?" वडिलांनी विचारलं.

"सूज दबेल. वेळ लागेल. औषध मध्येच सोडायचं नाही. या दुखण्यात डोळ्यांच्या आतही सूज येते आणि ती कळत नाही, म्हणून डोळे तपासत राहायचे. हिला नुसतं बसवून ठेवू नका. आणि पाय कुणाला ओढू देऊ नका."

आई रोज पहाटे पाणी तापवून माझे पाय शेकायची, मग एकेक सांधा हलवून घ्यायची. शाळेत मास्तरांनी परत फेऱ्यांचा विषय काढला तेव्हा ती वर्गाच्या दारातच म्हणाली, "आवं मास्तर, पळवायची येवढी हौस आसंल तर तुमीच पळा की!" पोरं खो खो हसली. मास्तरांनी फळा पुसायला घेतला. तो कोराच होता.

सातवीत सूज उतरली. मी सायकलवरून शाळेला जाऊ लागले. चुलती म्हणाली, माझा नवस फळला. हाडवाला म्हणाला, माझं तेल. मास्तर शिक्षकांच्या खोलीत सांगत होते, "मी पळवली म्हणून सुटली."

उजवं मनगट अजून पुरतं वळत नाही. तेवढ्याचं श्रेय मात्र कुणी मागितलं नाही.