रिकामा पंप

बाळाचं बारसं बाराव्या दिवशी उरकतं. आमच्या एका मेथडचं नाव मात्र तीन आठवडे झाले तरी ठरत नव्हतं, आणि माझं डोकं पार उठलं होतं. मी रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी घरूनच काम करते. आमचा चौघांचा गट एक लायब्ररी लिहितो, म्हणजे इतर प्रोग्रामरांना आयतं वापरता येईल असं कोडचं सामान.

भांडण होतं न भरलेल्या मेमरीवरून. प्रोग्रामने मेमरी मागितली की त्याला मिळणारी जागा पुसलेली नसते. आधी कुणी वापरून सोडलेलं त्यात तसंच पडलेलं असतं, कारण पुसत बसायला वेळ लागतो. आपण भरण्याआधीच ती वाचली तर हाती दुसऱ्याचा गाळ येतो, कधी कुणाचा पासवर्डसुद्धा. म्हणून आम्ही एक मेथड, म्हणजे नावाने हाक मारली की ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा, ठेवली होती. ती वापरणारा जणू सांगतो, 'मी ही जागा पूर्ण भरली आहे, आता खुशाल वाचा.' यंत्राला ते तपासता येत नाही. त्या माणसाच्या शब्दावरच सगळं चालतं.

माझं म्हणणं, नाव लांबलचक आणि टोचणारं हवं. 'सगळं भरलंय याची हमी माझी', असं काहीतरी. पुण्याच्या सहकाऱ्याला हवं होतं सुटसुटीत 'घे'.

"अगं, एवढं मोठं नाव कोण टाइप करत बसणार?" हे त्याचं पालुपद.

"टाइप करताना हात थबकावा म्हणूनच तर!" मी ओरडायचे. "जागा रिकामी दिसली म्हणजे स्वच्छ नसते रे!"

गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय!

अशाच एका मीटिंगमधून मी तणतणत उठले, तर बाबा अंगणात फवारणीचं औषध कालवत बसलेले. परसातला आमचा रायवळ आंबा वादळात पडला, तेव्हा त्यांनी त्याच्या काड्या घेऊन तीन कलमं भरली होती. तसा आंबा पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि आता तो या तीन कलमांतच उरला होता. त्यांच्या कोवळ्या पालवीवर तुडतुडे आले होते. बाबांचा खांदा दुखत होता, म्हणून पाठीवरचा पंप मी घेतला.

"पंप धुतलास काय गो?" बाबांनी विचारलं.

मी झाकण उघडून आत डोकावले. "रिकामाच आहे, बाबा," म्हटलं. डोक्यात अजून तो पुणेकरच होता.

आदल्या आठवड्यात त्याच पंपाने दगडी गडग्याकडेच्या गवतावर तणनाशक मारलं होतं. मारणारीही मीच, आणि पंप न धुता ठेवणारीही.

फवारल्यावर आठ-दहा दिवसांत पालवी पिवळी पडून आक्रसली. मग एकेक करत तिन्ही कलमं वाळली. काडी घ्यायला आता झाडच नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! मला माझाच इतका संताप आला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी धुतलास काय विचारलं होतं," ते एवढंच म्हणाले. "तू रिकामा म्हणालीस." आणि वाळलेली कलमं उपटायला लागले.

त्याच आठवड्यात गटाने माझं लांबलचक नाव मान्य केलं. 'तुझंच खरं होतं,' असं पुण्याच्या सहकाऱ्याने लिहून पाठवलं. ते वाचून मला रडू आलं.

परवा काजूवर फवारायचं होतं. मी पंप आदल्या दिवशीच धुऊन, पालथा घालून, उन्हात वाळवून ठेवला होता.

"तीनदा धुतलाय, बाबा," मी सांगितलं.

"बरं," ते म्हणाले, आणि पंप उचलून विहिरीवर धुवायला घेऊन गेले.